झाडाचा घेर, माणसाचा वावर आणि जंगलातला कार्बन

उष्ण प्रदेशातल्या जंगलाने हवेतून घेतलेला कार्बन मुख्यतः दोन ठिकाणी साठतो: झाडांच्या लाकडात आणि मातीत. पानांचा वाटा किरकोळ असतो. ती वर्षा-दोन वर्षांत गळतात, कुजतात आणि त्यांतला बराचसा कार्बन पुन्हा हवेत जातो. लाकूड मात्र झाड जगेल तोवर टिकते. म्हणून उभ्या जंगलाचा कार्बन मोजायचा म्हणजे प्रामुख्याने लाकूड मोजायचे. हे लाकूड सगळ्या झाडांत थोडेथोडे वाटलेले असेल असा सहज समज होतो. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग मोजक्या जाड बुंध्यांत असतो, आणि माणसाचा जंगलातला वावर बहुतेक वेळा याच बुंध्यांच्या मुळावर येतो. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात एका बाजूला चाकणचा कारखान्यांचा पट्टा आहे आणि दुसऱ्या बाजूला भीमाशंकरचे जंगल. हा तालुका आणि शेजारचे मावळ व आंबेगाव तालुके यांच्या रानांत या सगळ्या प्रक्रिया जवळजवळ नांदताना दिसतात.

उभ्या झाडाचे वजन करता येत नाही. त्यामुळे आधी काही झाडे तोडून, वाळवून, तोलून पाहतात आणि घेर, उंची व लाकडाची घनता यांच्याशी वजनाचे नाते ठरवतात. मग ते सूत्र उभ्या झाडांना लावतात. घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा असतो. भारतातल्या वनखात्याच्या मोजणीत ही उंची १.३७ मीटर, म्हणजे जुने साडेचार फूट आहे. इतर बऱ्याच देशांत १.३ मीटर. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभे राहून मोजायचे. बुंध्याला पसरट आधारमुळे असतील तर टेप त्यांच्या वर धरायची. छातीच्या खालीच खोड दुभंगले असेल तर दोन झाडे धरायची. टेप वेलीवरून गेली किंवा तिरकी बसली की घेर फुगतो, आणि वजनाच्या हिशेबात ती चूक दुप्पट-तिप्पट होऊन उतरते. काम साधे दिसते, पण पावसाळ्यानंतरच्या कारवीतून वाट काढत दिवसभर हे करणाऱ्यांना टेप सरळ ठेवणे हेच मोठे कौशल्य वाटते.

जेरोम शाव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली उष्ण प्रदेशातल्या ५८ ठिकाणच्या, तोडून तोललेल्या ४,००४ झाडांवरून बसवलेले सूत्र आज सर्वाधिक वापरात आहे. घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा ०.९७६ वा घात काढायचा आणि ०.०६७३ ने गुणायचे. उत्तर जमिनीवरच्या भागाच्या कोरड्या वजनाचे, किलोग्रॅममध्ये मिळते. या वजनाच्या सुमारे ४७ टक्के कार्बन धरतात. कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायचे तर ३.६७ ने गुणतात.

हे सूत्र दोन झाडांना लावून पाहिले की मुद्दा उघड होतो. पहिले झाड १० सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे घेर जेमतेम ३१ सेंटिमीटर, उंची ८ मीटर. दुसरे ८० सेंटिमीटर व्यासाचे, घेर अडीच मीटर, उंची २५ मीटर. दोघांच्या लाकडाची घनता ०.६ धरली तर पहिल्याचे कोरडे वजन सुमारे २८ किलो भरते आणि दुसऱ्याचे सुमारे ४,९०० किलो. व्यास आठपट, वजन पावणेदोनशे पट. कारण व्यास आठपट झाला की खोडाचा काप चौसष्टपट होतो, आणि वर उंचीही तिप्पट झालेली असते. त्या एका झाडात सुमारे २.३ टन कार्बन आहे, म्हणजे हवेतला जवळपास साडेआठ टन कार्बन डायऑक्साइड. वृक्षलागवडीच्या फलकांवर झाडांची संख्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, घेर मात्र कुठेच नसतो. कार्बनच्या दृष्टीने हा फलक उलटा वाचावा लागतो.

लाकडाची जातही हिशेबात येते. सावर आणि पांगारा ही हलक्या लाकडाची झाडे. त्यांची घनता ०.३ च्या आसपास असते. ऐन, जांभूळ, अंजनी यांचे लाकूड याच्या दुपटीहून जड. सारख्याच घेराच्या आणि उंचीच्या सावरीत आणि ऐनात कार्बन निम्म्याने कमी-जास्त असू शकतो. माड-ताडांचा हिशेब तर निराळाच आहे. मावळातल्या अजिवलीच्या देवराईत भेर्ली माड मोठ्या संख्येने आहेत. या झाडांचे खोड एकदा तयार झाले की वर्षागणिक जाड होत नाही, ते फक्त वर जाते. घेरावर बसवलेले वरचे सूत्र अशा झाडांना लावले तर उत्तर चुकते, म्हणून त्यांच्यासाठी उंचीवर आधारलेली वेगळी सूत्रे वापरतात.

जगभरच्या मोजण्यांतून हेच चित्र पुढे येते. फेरी स्लिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तीन खंडांतल्या १२० दमट सखल जंगलांची माहिती एकत्र केली. ७० सेंटिमीटरपेक्षा जाड व्यासाची झाडे दक्षिण अमेरिकेत एकूण झाडांच्या दीड टक्का होती, पण जमिनीवरच्या वजनाचा चौथा हिस्सा त्यांच्यात होता. आग्नेय आशियात अडीच टक्क्यांहून कमी झाडांत सुमारे ३९ टक्के आणि आफ्रिकेत चार टक्क्यांहून कमी झाडांत सुमारे ४४ टक्के वजन सापडले. पुढे २०१८ मध्ये जेम्स लुट्झ यांच्या गटाने समशीतोष्ण आणि उष्ण प्रदेशांतले ४८ मोठे भूखंड तपासले. सर्वांत जाड एक टक्का झाडांत जिवंत लाकडाच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग निघाला. अशा कायमच्या भूखंडांची सुरुवात पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर १९८० च्या दशकाच्या आरंभी झाली. भारतातला असाच ५० हेक्टरांचा भूखंड मुदुमलाईला आहे. तो १९८८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आखला.

या वस्तुस्थितीमुळे मोजणीतच एक अडचण उभी राहते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था बराच काळ ०.१ हेक्टरचे नमुना भूखंड घेत आली, म्हणजे साधारण ३१.६ मीटर बाजूचा चौरस. वर उल्लेखलेले अडीच मीटर घेराचे झाड या चौरसात आले तर हेक्टरी वजनात ते एकटेच ४९ टनांची भर टाकते. दोन पावले बाहेर राहिले तर शून्य. मोठी झाडे विरळ असल्यामुळे थोड्या नमुन्यांवरून काढलेला आकडा फार हेलकावे खातो. एखाद्या डोंगराच्या कार्बनचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला की त्यामागे किती भूखंड मोजले होते, हे आधी विचारावे.

जाड झाड हा फक्त जुना साठा असतो, त्याची वाढ थांबलेली असते, असे वनशास्त्रात बराच काळ मानले जात होते. नेथन स्टीफन्सन यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये ४०३ जातींच्या सुमारे पावणेसात लाख झाडांची नोंद तपासली गेली, तेव्हा बहुतेक सगळ्या जातींत झाड जितके मोठे तितकी त्याची वर्षाची भर जास्त, असे आढळले. मोठे झाड एका वर्षात एखाद्या मध्यम झाडाइतके लाकूड स्वतःवर चढवू शकते. घेरावर चढणारे वर्षाचे कडे पातळ असले तरी ते फार मोठ्या पृष्ठभागावर चढते. यावरून सगळे जुने जंगल तरुण जंगलापेक्षा वेगाने कार्बन घेते असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. जुन्या जंगलात मोठी झाडे मरतही असतात, आणि एक झाड कोसळले की शेकडो लहान झाडांची भर वाया जाते. तरुण रान वेगाने भरते, जुने रान भरलेले असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि धोरणाच्या चर्चेत त्यांची सर्रास गल्लत होते.

भीमाशंकरचे जंगल या मोजपट्टीवर समजून घेताना आधी त्याची नैसर्गिक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेला हा सुमारे १३० चौरस किलोमीटरचा प्रदेश पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरला आहे. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांतच पडून जातो; पुढचे सात-आठ महिने कोरडे. घाटमाथ्यावर वारा सतत, माती पातळ आणि खाली जांभा किंवा कातळ. त्यामुळे अंजनी, जांभूळ, पिसा, पारजांभूळ, हिरडा यांचे इथले सदाहरित आणि निमसदाहरित रान केरळ-कर्नाटकातल्या सदाहरित रानाइतके उंच होत नाही. माथ्यावर बारा-पंधरा मीटर उंचीचे झाड हे पूर्ण वाढलेले झाड असू शकते. उंची कमी दिसली की लगेच मानवी हस्तक्षेपाला दोष देणे चूक ठरते. उलट सपाट, खोल मातीच्या खोऱ्यात तीच जात खुरटलेली दिसली तर तिथे कुऱ्हाड चालली असणार, हे बहुधा खरे निघते.

माणसाच्या हस्तक्षेपाची इथली कहाणी जुनी आहे, आणि तिचा एक धागा पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतून जातो. पिंपरीच्या संत तुकाराम नगरापासून चार-पाच किलोमीटरवर दापोडीला १८२८ च्या सुमारास मुंबई सरकारची वनस्पती बाग सुरू झाली. कंपनी सरकारचे स्कॉटिश शल्यविशारद अलेक्झांडर गिब्सन १८३८ मध्ये तिचे अधीक्षक झाले आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. कोकणात आणि घाटात फिरून त्यांनी झाडतोड आणि आटणारे झरे यांचा संबंध सरकारपुढे मांडला, आणि डोंगरउतारावरच्या कुमरी, म्हणजे फिरत्या शेतीवर व बेसुमार तोडीवर बंधने घालण्याचा आग्रह धरला. कार्बनचा प्रश्न तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. सरकारला जहाजबांधणीसाठी सागवान हवे होते आणि गिब्सन यांना पाण्याची काळजी होती. पुढे बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि रूळांखालच्या लाकडाची व जळणाची मागणी घाटापर्यंत पोहोचली. मागणी नेहमीच सरळ, जाड, जड लाकडाची असे. जंगलातून उचलली गेली ती हीच झाडे.

संपूर्ण तोड लोकांच्या नजरेत भरते. सह्याद्रीत मात्र बराचसा कार्बन हळूहळू, झाड उभे असतानाच कमी झाला आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत याचे चांगले उदाहरण आहे. पावसाआधी वाफ्यावर शेण, कवळ, म्हणजे तोडलेल्या पानाळ फांद्या, गवत आणि माती यांचे थर रचून ते पेटवतात. तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. कवळासाठी ऐनाला सर्वाधिक पसंती. दरवर्षी फांद्या छाटलेला ऐन लांबूनही ओळखू येतो: बुंधा सरळ, बाजूची फांदी एकही नाही, जागोजागी जुन्या घावांच्या गाठी, आणि शेंड्याला तेवढा पाल्याचा झुबका. अशा झाडाला अन्न तयार करायला पाने अपुरी पडतात, त्यामुळे घेर वाढत नाही. घावांतून पाणी आणि बुरशी आत शिरते, गाभा पोकळ होतो. छातीच्या उंचीवर टेप लावली तर घेर ठीकठाक भरतो, पण सूत्र ज्या पूर्ण माथ्याच्या झाडांवर बसवले आहे ते हे झाड नसते. म्हणजे छाटलेल्या रानात साठा मुळात कमी असतो आणि कागदावर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

दुसरी खूण बुडख्यांची. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांसारखी अनेक झाडे तोडल्यावर मरत नाहीत. बुडख्यातून चार-सहा फुटवे येतात. एकाच जागेतून निघालेली मनगटाएवढी खोडे दिसली की ते रान पूर्वी तोडले गेले आहे हे निश्चित. कोकणाच्या आणि घाटाखालच्या मालकी रानांत लाकूड आणि कोळशासाठी ठरावीक वर्षांच्या अंतराने साफ तोड करण्याची रीत आहे. पंधरा-वीस वर्षांत फुटव्यांचे रान हिरवेगार होते आणि ते मोठे होण्याच्या आत पुन्हा ठेकेदार येतो. अशा रानात हेक्टरी झाडांची संख्या जुन्या जंगलाहून जास्त असू शकते. जाड झाड मात्र एकही नसते, कारण कुठल्याही झाडाला तितकी वर्षे मिळालेलीच नसतात.

मग तोड झाली नसती तर या डोंगरांवर काय उभे असते? याचे जिवंत उत्तर देवरायांत मिळते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला; त्यांचा गाजलेला निबंध १९७६ चा आहे. वर्तक पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत होते. भोवतालचा डोंगर उघडा किंवा झुडपांनी भरलेला, आणि मध्येच दोन-चार एकरांत माणसाच्या कवेत न मावणारे बुंधे, त्यांवर चढलेल्या मांडीएवढ्या वेली, खाली पाचोळ्याचा जाड थर, हे दृश्य मुळशी, मावळ, वेल्हे भागांत आजही दिसते. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याची भैरवनाथाची देवराई यांतली मोठी आणि प्रसिद्ध. पाऊस तोच, खडक तोच, जातीही बऱ्याचशा त्याच. फरक असतो तो देवाच्या धाकाने कुऱ्हाड न चाललेल्या वर्षांचा. अर्थात देवराया बहुधा पाण्याजवळ, खोलगट जागी असतात, म्हणून त्यांचा आकडा जसाच्या तसा साऱ्या डोंगराला लावता येत नाही. आणि धाकही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. देवळाचा जीर्णोद्धार, त्यासाठी लाकूड, मग सभामंडप, मग रस्ता, या क्रमाने अनेक देवराया आतून पोखरल्या आहेत.

राईचा आकार लहान असणे हेच एक संकट आहे. ब्राझीलमध्ये मनौसजवळ १९७९ पासून जंगलाचे तुकडे वेगळे करून त्यांवर लक्ष ठेवले गेले. विल्यम लॉरन्स यांच्या गटाने २००० मध्ये तिथली नोंद प्रसिद्ध केली: काठापासून ३०० मीटरांच्या आत ६० सेंटिमीटरपेक्षा जाड झाडे आतल्या भागातल्यापेक्षा जवळपास तिप्पट वेगाने मरत होती. काठावर ऊन आणि कोरडा वारा थेट आत घुसतो. उंच झाडाला पाणी जास्त वर ओढावे लागते, म्हणून ते कोरडेपणाला आधी बळी पडते. दुष्काळातही जगभर मोठ्या झाडांचेच नुकसान जास्त होते, असे २०१५ चा एक व्यापक आढावा सांगतो. वाऱ्याचा मारही त्यांनाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडबरोबर मावळ, मुळशी, खेड, जुन्नरपर्यंत झाडे पाडली. सलग रानात शेजारची झाडे वारा अडवतात. उघड्या माळावरच्या तीन एकरांच्या राईला तो आडोसा नसतो. तीनशे मीटरांचा काठ धरला तर आपल्या बहुतेक देवराया म्हणजे निव्वळ काठच आहेत, त्यांना आतला भाग नाहीच.

वेलींची गोष्ट थोडी उलटसुलट आहे. पनामात वेली कापून केलेल्या प्रयोगात, वेली असलेल्या भूखंडांत झाडांकडून होणारी कार्बनची निव्वळ भर सुमारे तीन चतुर्थांशाने कमी आढळली. तोडीनंतर ऊन मिळाले की वेली माजतात आणि उरलेल्या झाडांची वाढ दाबतात. देवराईतली गारंबीची जुनी वेल मात्र तोडीची खूण नसते. जुन्या, न तुटलेल्या झाडाशिवाय ती तेवढी वाढलीच नसती. वेल दिसली म्हणजे रान बिघडले, असे समीकरण इथे लागू पडत नाही.

वणवे आणि चराई मोठ्या झाडाला फारसे मारत नाहीत, पण ती त्याच्या वारसांना मारतात. गवतासाठी लावलेली आग रोपे जाळते, गुरे कोवळे शेंडे खातात. वरचा माथा हिरवाच राहतो, म्हणून पन्नास वर्षे काही बिघडल्याचे कळत नाही. जाड झाडांच्या रानात मनगटाएवढी आणि मांडीएवढी झाडेच नसतील तर त्या रानाचा कार्बन आज भरपूर असला तरी पुढे तो टिकणार नाही.

वारस रुजायचे तर बी दूरवर पोहोचले पाहिजे, आणि मोठ्या बियांची झाडे यासाठी मोठ्या पक्ष्या-प्राण्यांवर अवलंबून असतात. सर्वसाधारणपणे मोठ्या बियांच्या जातींचे लाकूड जड असते. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलांबद्दल कॅरोलिना बेल्लो यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की फळे खाणारे मोठे प्राणी नाहीसे झाले की हळूहळू जड लाकडाच्या जाती मागे पडतात आणि एकही झाड न तोडता जंगलाचा कार्बन घटतो. सह्याद्रीत हे काम मोठ्या प्रमाणावर धनेश करतो. त्याला घरट्यासाठी मोठी ढोली लागते, आणि ढोली जाड, जुन्या झाडातच मिळते. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फळे भरवतो. ढोलीखाली पडलेल्या बिया पाहून कोणती झाडे फळली होती ते सांगता येते. जाड झाड गेले की ढोली जाते, धनेश जातो आणि पुढच्या जाड झाडांचे बी पसरवणारा उरत नाही.

ढोलीच्या झाडांपैकी एक म्हणजे बेहडा. त्याच्या लाकडाला चांगला भाव नाही, पण सरसकट तोडीत तोही जातो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसरात, भोरगिरीच्या बाजूला, महादेव कोळी समाजाबरोबर बेहड्याच्या आणि हिरड्याच्या फळांचा व्यवहार उभा केला. फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या अटींनुसार फळे गोळा होतात, काही झाडावरच राखली जातात, आणि औषधी चहा बनवणाऱ्या परदेशी कंपन्या ती बऱ्या भावाने घेतात. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात बाळहिरड्याचा व्यापार आधीपासून होताच. मोठे झाड उभे ठेवण्याने दरवर्षी पैसे मिळत असतील तर ते उभे राहण्याची शक्यता वाढते. निव्वळ मनाई करणाऱ्या फलकापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, जरी त्याचा आवाका अजून लहान असला तरी.

या सगळ्याची नोंद सरकारी नकाशात कशी होते? एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या माथ्यांची दाटी १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती जागा वनाच्छादित धरली जाते. मालकी कुणाची, झाडे कोणती, याचा प्रश्न येत नाही. १० ते ४० टक्के म्हणजे विरळ, ४० ते ७० मध्यम दाट, ७० च्या पुढे अति दाट. उपग्रह वरून माथा पाहतो, बुंधा पाहत नाही. फुटव्यांचे पंधरा वर्षांचे रान, आंब्या-काजूची बाग आणि कवेत न मावणाऱ्या झाडांची देवराई वरून सारख्याच दाटीची दिसू शकतात. वनाच्छादन वाढले ही बातमी खरी असते, पण तिच्यावरून कार्बन वाढला असे म्हणता येत नाही. वन सर्वेक्षण संस्था कार्बनचा वेगळा अंदाजही देते: २०२१ च्या अहवालात देशाच्या जंगलांत ७,२०४ दशलक्ष टन कार्बन दाखवला होता, आणि त्यातला ५६ टक्के मातीत. मातीचा हा वाटा पाहता उतारावर रस्ता खोदणे ही झाडतोडीइतकीच गंभीर बाब ठरते. पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकरच्या शेजारच्या डोंगरांवरील पवनचक्क्यांसाठी झालेली झाडतोड, रस्ते आणि त्यांतून वाहून गेलेली माती यांवर बोट ठेवले होते. कोळसा न जाळता वीज मिळावी म्हणून डोंगर खणला जावा, हा विरोधाभास तिथे आजही उभा आहे.

उपग्रहांचे तंत्र आता बुंध्याच्या जवळ सरकते आहे. अंतराळस्थानकावर २०१८ अखेर पोहोचलेले गेडी हे यंत्र लेसरने झाडांची उंची मोजते. एप्रिल २०२५ मध्ये युरोपने सोडलेला बायोमास उपग्रह लांब तरंगलांबीच्या रडारने पानांपलीकडचे लाकूड टिपतो. इस्रो आणि नासाचा निसार जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या रडारची तरंगलांबी बायोमासच्या रडारपेक्षा आखूड असल्याने हेक्टरी शंभर टनांच्या पुढे त्याला फरक ओळखणे अवघड जाते. म्हणजे विरळ, तुटलेल्या रानांचा हिशेब तो चांगला ठेवील, देवरायांसाठी टेपच लागेल.

तुटलेले जंगल सोडून दिले तर किती काळात भरते? मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ४५ ठिकाणच्या दीड हजार भूखंडांवरून लौरेन्स पूर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये काढलेला आकडा असा: वीस वर्षांत हेक्टरी सरासरी १२२ टन, आणि जुन्या जंगलाच्या ९० टक्क्यांपर्यंत यायला साधारण ६६ वर्षे. पाऊस जास्त तिथे वेग जास्त, कोरड्या प्रदेशात कमी. सह्याद्रीचा लांब उन्हाळा आणि पातळ माती पाहता इथे घाईची अपेक्षा करता येत नाही. बुडख्यातून येणारे फुटवे ही मात्र जमेची बाजू आहे. मुळे जुनीच असल्याने त्यांची पहिली दहा-पंधरा वर्षांची वाढ रोपापेक्षा कितीतरी जलद होते. नव्याने खड्डे खणण्यापेक्षा आधीच्या बुडख्यांना कुऱ्हाड, आग आणि गुरे यांपासून वाचवणे स्वस्त पडते, पण त्यात उद्घाटनाचा फोटो निघत नाही.

हाच हिशेब शहरातल्या झाडाला लावता येतो. संत तुकाराम नगरात आणि शेजारच्या, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आवारात कित्येक दशकांची जाड झाडे आहेत. रस्ता, मेट्रो किंवा इमारतींच्या पुनर्विकासाच्या कामात अशी झाडे आड येतात. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड आता प्राचीन वृक्ष ठरते, आणि झाड तोडावे लागले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात, सहा ते आठ फूट उंचीची. समजा ८० वर्षांचे, वर सांगितलेल्या अडीच मीटर घेराचे झाड तोडले. त्याचे वजन ४,९०० किलो. बदली ८० रोपांचे, रोपामागे जेमतेम एक किलो धरले तर, सारे मिळून ८० किलोच्या आत. सगळी जगली आणि १० सेंटिमीटर व्यासाची झाली की वजन सव्वादोन टन होते, निम्म्याहून कमी. सगळी २० सेंटिमीटर व्यासाची आणि बारा मीटर उंच झाली तर एकेकाचे १६० किलो धरून पावणेतेरा टन भरतात, तोडलेल्या झाडाच्या अडीचपट. कायद्याचे गणित त्यामुळे फसवे म्हणता येत नाही; ते सगळी रोपे जगण्यावर आणि त्यांना वीस-पंचवीस वर्षे कुणी न तोडण्यावर टांगलेले आहे. दुरुस्तीत सात वर्षे निगा राखण्याची अट आहे. सात वर्षांनंतर रोप साधारण मनगटाएवढे झालेले असते, आणि तिथून अडीच मीटर घेरापर्यंतच्या काळात त्या रस्त्याचे रुंदीकरण किती वेळा होईल हे कायदा सांगू शकत नाही.